कशेडीच्या धुक्यात ऐकलेली प्रार्थना

त्या श्रावणात माझी प्रार्थना आटली होती. पोलादपूरला रस्त्याच्या खात्यात मी मिस्त्री होतो. कशेडी घाटातला रस्त्याचा तुकडा आणि त्याची डागडुजी करणारे मैलकुली माझ्या हाताखाली होते. ख्रिस्ती घर तिथे आमचं एकच. पुण्याकडच्या एका वृद्ध धर्मगुरूंनी मला पूर्वी एक साधना दिली होती: "प्रभू येशू, मज पाप्यावर दया कर," हे एकच वाक्य श्वासाबरोबर म्हणत राहायचं, चालताना, काम करताना, ओठ हलतील इतपत. कित्येक वर्षं ते म्हटलं. मैलकुली हसायचे. "मिस्त्रींच्या तोंडात सुपारी हाय, ती काय फुटत नाय," असं त्यांच्यातला गंगाराम म्हणायचा. पण त्या पावसाळ्यात ते शब्द जिभेवर लाकडासारखे वाटू लागले. दया मागणारा मी, आणि घरी बायकोवर, कामावर माणसांवर खेकसणाराही मीच. हे ढोंग आहे, असं वाटून मी म्हणणं सोडून दिलं. ओठ मिटले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

एका सकाळी निरोप आला की घाटातल्या एका वळणावर दरीकडची कड खचते आहे. अशा ठिकाणी चुना लावलेले दगड ओळीनं मांडतात, म्हणजे ट्रकवाल्यांना धुक्यातही कड दिसते. मी गंगारामला जायला सांगितलं. तो कापडे गावचा, शांत माणूस. म्हणाला, "धोंडूला संगती द्या, मिस्त्री. धुक्यात एकटा जात नाय कोन." ती त्या लोकांची जुनी रीत. मी म्हणालो, "दगड मांडायला दोघं कशाला? भुताला घाबरतोस?" तो चुन्याची बादली घेऊन ट्रकवर चढला.

दुपार टळल्यावर त्याची बायको पार्वती ऑफिसच्या दारात आली. ती बाजाराला आली होती आणि दोघं मिळून घरी जाणार होती.

"मिस्त्री, आमचं मानूस कुठं धाडलंत?"

"घाटात. येईल आता."

"एकल्याला धाडलंत?"

धोंडू मैलकुलीला घेऊन मी तसाच ट्रकनं निघालो. पार्वतीही मागोमाग चढली. तिला मी घाटाखालच्या वाडीत उतरवलं.

वळणावर हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. पायाशी पांढरे दगड ओळीनं मांडलेले होते, आणि ती ओळ मध्येच संपली होती. पुढे रस्त्याची कडच नव्हती. बादली आडवी पडली होती. धोंडू त्याच ट्रकनं दोरी आणि माणसं आणायला वाडीकडे गेला. मी एकटा उरलो. "गंगाराम!" अशी हाक मारली. ती परत आली, पण जरा उशिरानं, आणि तो आवाज मला माझा वाटला नाही. पुन्हा हाक मारली. मग सगळं इतकं गप्प झालं की ओहोळाचं पाणीसुद्धा लांब गेल्यासारखं वाटलं. त्या धुक्यात कोणीतरी आहे, ते माझं ऐकतं आहे आणि मुद्दाम बोलत नाही, असं मनात आलं आणि अंगावर काटा उभा राहिला.

मी शेवटच्या दगडाला धरून खाली बसलो. एका माणसाला आपण मारलं, एवढंच डोक्यात होतं. काही मागायला तोंड नव्हतं, पण ओठांना दुसरं काही येतही नव्हतं. "प्रभू येशू, मज पाप्यावर दया कर." मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत, पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. काही वेळानं खालून कोणीतरी तेच शब्द म्हणू लागलं. प्रतिध्वनी मागून येतो. हे 'दया कर' माझ्या आधी येत होतं. पळावंसं वाटलं, पण पाय हलेनात, आणि म्हणणं थांबवायचीही भीती वाटली. तेवढ्यात खालून आवाज आला, "आता तरी दोरी टाका वो, मिस्त्री!"

धोंडूनं माणसं आणली आणि उजेड असतानाच गंगारामला वर काढलं. करवंदीच्या जाळीत अडकला होता. पाय मोडला होता. महाडच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, तर तोच माझ्यावर चिडलेला.

"सकाळधरनं वर बसून बडबडत होतात. मी वरडतोय, दोरी टाका, दोरी टाका, तर तुमचं आपलं दया कर, दया कर. पन त्या आवाजानं झोप लागली नाय. डोळा लागला असता तर जाळीतनं सुटून खालीच गेलो असतो. मधी एकदा तुमचं थांबलं नि नावानं हाक आली. म्हटलं, मिस्त्री गेले, चकवा आला. तो नावानंच बोलावून वाट चुकवतो, त्याला ओ द्यायची नाय. गप र्‍हायलो. मग परत तुमचं सुरू झालं तवा जिवात जीव आला. तुमच्यासंगती मीबी बोलाया लागलो."

पार्वती म्हणाली, "काय बोलता? मिस्त्री दुपारपातूर हापिसात होते. मीच तर त्यांना घेऊन आले."

गंगाराम माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "मी वर नव्हतो, गंगाराम. आणि ऑफिसातही प्रार्थना करत नव्हतो."

"मग कोन होता?"

पार्वतीनं उगाचच त्याचं पांघरूण सारखं केलं.

तो आवाज कोणाचा, हे मी आजवर कोणाला पटवायला गेलो नाही. भीती अजून गेलेली नाही. घरात एकटा प्रार्थनेला बसलो की मध्येच थांबायला मन धजत नाही, थांबलो तर तो आवाज ऐकू येईल असं वाटतं. पण त्या भीतीतच माझा ताठा गळाला. प्रार्थना मी चालवतो आणि मी नालायक म्हणून ती बंद करायचा हक्कही माझाच, असं मी धरून चाललो होतो. मी ती बंद केली तेव्हाही कोणीतरी माझ्या आवाजात दया मागत बसलं होतं, माझ्यासाठी, आणि मी धुक्यात लोटलेल्या माणसासाठी. गंगाराम लंगडत का होईना, पुन्हा स्वतःच्या शेतात उभा राहिला. त्याबद्दल प्रभूचे आभार मानायला बसतो तेव्हा आता मी लगेच तोंड उघडत नाही. थोडा वेळ नुसता ऐकतो. मग हळूच आपला आवाज त्यात मिसळतो.