कोणी न्यायला न आलेला कोट

आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते तिला सगळे भिंगरी म्हणतात. नाव तिच्या आजीने ठेवलेलं. मी पुढे गिऱ्हाइकांचे डोळे तपासते आणि मधल्या दारातून ती मला दिवसभर दिसते. काच यंत्राला लावली की उठणार, पाणी पिणार, खिडकी उघडणार, पुन्हा लावणार. काच मात्र कधी चुकत नाही. फ्रेममध्ये अशी बसते की नख शिरायला जागा नसते.

आईवडील नोकरीपायी दुसऱ्या गावी, म्हणून ती आजीकडेच वाढली. आजी घरी शिवणकाम करायची. कपडे आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं, असलं. नातीला शिकवायचा तिने परोपरीने प्रयत्न केला. "सुईत दोरा ओवेपर्यंत तरी बूड टेकव," म्हणायची. भिंगरी काही टेकायची नाही.

आजी गेली ती एका मंगळवारी सकाळी, मशीनवर बसल्या बसल्या. भिंगरी दुकानात होती. शेजारणीने तिच्या मोबाइलवर फोन केला, पण यंत्र चालू होतं. तीन वेळा वाजून बंद झाला, तिला ऐकूच गेला नाही. चौथ्यांदा मी उचलला.

आठवड्याने ती कामावर आली. काच हातात घ्यायची आणि कशाला घेतली ते विसरायची. जेवायला बसली तर दोन घास खाऊन उठायची. मग एक दिवस तिने पिशवी आणली, आजीच्या झग्यातून शिवलेली. टीप वाकडी, एक बंद लांब, दुसरा आखूड.

"आजीची आठवण म्हणून शिवली," ती म्हणाली. "मशीनवर बसलं की जरा बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग रोजच. शेजारणीला दिली, दुकानाच्या मालकांना दिली, काचा पोचवणाऱ्या माणसाला दिली. हात बसत गेला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. आजीचे कपडे संपले तशी गाठोड्यातलं, खुंटीवरचं, हाताला लागेल ते कापायला लागली. मला मिळाली ती राखाडी लोकरी कापडाची, आतून निळं अस्तर. सगळ्यांत छान जमलेली.

"ही कशाची गं?"

"दाराआड एक कोट होता. कोणी न्यायलाच आलं नाही."

मी पिशवी खुर्चीला अडकवली. बोलायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात एक वयस्कर बाई दुकानात आल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. शेजारणीने त्यांना इथे पाठवलं होतं.

"आजींची नात तूच ना? मी बहिणीकडे होते, मला कालच कळलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे आमच्या ह्यांचा कोट आहे. राखाडी."

भिंगरीचा चेहरा उतरला. "दुरुस्तीला दिला होता?"

"दुरुस्ती केव्हाच झाली. पण हे गेले, आणि मला तो घरी नेववेना. तुझी आजी म्हणाली, राहू दे खुंटीवर, तयारी झाली की या. दोन वर्षं मी अधूनमधून येऊन बघून जायचे. आता न्यावा म्हणते."

माझी पिशवी माझ्याच खुर्चीला लटकत होती. मी उठून खुर्चीपुढे उभी राहिले.

"उद्या आणून देते," भिंगरी म्हणाली.

बाई गेल्यावर तिने खोलीत येरझाऱ्या घातल्या. कोटाच्या तीन पिशव्या झाल्या होत्या. माझी मी लगेच रिकामी करून दिली. शेजारणीची मिळाली. काचा पोचवणारा म्हणाला, त्याची बसमध्ये राहिली. भिंगरी संध्याकाळभर एकेक बसथांबा पालथा घालत फिरली, आगारात जाऊन हरवलेल्या वस्तूंचं कपाट उघडायला लावलं. पिशवी नव्हती.

सकाळी मला म्हणाली, "तसाच कोट कुठे मिळाला तर?"

"दोन वर्षं येऊन बघून जायच्या त्या. त्यांना कळणार नाही?"

मग आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. भिंगरीने दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "कोट मी कापला. कोणाला विचारलं नाही. तिसरी पिशवी हरवली."

बाईंनी दोन्ही पिशव्या जवळ ओढल्या. मग एका पिशवीत हात घालून अस्तर चाचपलं. "हा आतला खिसा. तू शिवून टाकलास."

"हो."

"उसव."

त्यांनी कात्री दिली. भिंगरी बसली. टाके उसवताना टेबलाखाली तिचे पाय सारखे हलत होते. खिशात काही निघालं नाही. काहीतरी निघेल असं आम्हा तिघींनाही वाटलं होतं.

"मला राग आलाय," बाई म्हणाल्या. "आज तुझ्याशी बोलवत नाही. ह्या ठेव आणि जा."

दहाएक दिवसांनी त्या आजीच्या घरी आल्या, पिशवी खांद्याला लावून. "बंद घसरतो. नीट करून दे." काम होईपर्यंत तिथेच बसल्या. मशीन चालवता चालवता भिंगरीने त्यांना त्या तीन वेळा वाजलेल्या फोनचं सांगितलं. तोवर त्याबद्दल ती कोणाजवळ बोललीच नव्हती.

"तू तिथे असायला हवी होतीस, हे खरंच आहे," बाई म्हणाल्या. "पण ती तुझी वाट बघत बसली नव्हती. तिच्या हातात काम होतं."

भिंगरीने मशीन थांबवलं आणि ती रडली. आजी गेल्यापासून पहिल्यांदा. हे तिनेच मला सांगितलं.

त्यानंतर तिने उरलेले लोकांचे कपडे बाहेर काढले. सात निघाले. प्रत्येकाला आजीच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती. सुटीच्या दिवशी ती एकेक घेऊन पत्ते शोधते. पाच जणांना पोचवले. पिशव्या अजून शिवते, पण ज्याला हवी त्याने स्वतःचं कापड आणायचं. राहिलेल्यांत एक तपकिरी पँट आहे. चिठ्ठीवर नुसतं 'उंच मास्तर, दोन बोटं आखूड' एवढंच. गेल्या शनिवारी ती पलीकडच्या तीन शाळांत विचारून आली. उद्या चौथ्या शाळेत जाणार आहे.