बाथरूममधला हीटर

मुलांनो, आजोबांना नाशिकची थंडी सोसत नसे, म्हणून तुमच्या बाबांनी बाथरूमच्या भिंतीवर हवा गरम करणारा पाटीएवढा हीटर बसवून दिला होता. आजोबांच्या अंघोळीआधी दहा मिनिटे तो लावायचा आणि ते बाहेर आले की लगेच बंद करायचा, हे माझे काम. त्यांना जाऊन महिना झाला, तरी काल सकाळी मी तो लावला आणि बाहेर खुर्चीत बसून राहिले. माणूस गेल्याचे हातांना उशिरा कळत असावे.

"आजी, आता कोणासाठी तापवताय?" स्वयंपाकाच्या सुमनताईंनी विचारले.

मला रडू आले नाही. "माझ्यासाठीच," म्हणाले आणि आत गेले. हीटर चालू असताना मी पहिल्यांदाच अंघोळ करत होते. ऊब फक्त खांद्यांना लागत होती, पाय फरशीवर गारच होते. आजोबा मात्र रोज बाहेर येऊन म्हणायचे, "छान ऊब होती हं."