तापातनं उठलेल्या पोराला तालमीत धाडलं

मंडळी, आमचा पैलवान नातू आज नगरच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून पडलाय. ताप उतरतोय तवर माझ्या लेकानं त्याला तालमीत जोर मारायला धाडलं. छाती दुखती म्हनला, तर ओवा चारला.

रगात आन ईसीजी बघून डॉक्टरीण म्हनली, "तापाच्या विषाणूनं हृदयाला सूज आलीय. औषधं आणि आराम. काही महिने कुस्ती बंद."

लेक इचारतो, "म्याडम, जत्रेतला कुस्त्यांचा हगामा तेवढा लढू द्या. गावात शब्द दिलाय."

मी म्हनले, "लढव की. जिंकलेली गदा त्याच्या तिरडीवर ठिवू."

नातू रडाया लागला, "आज्जे, मी परत लढंन का?"

"आधी जग, मुडद्या."

लेक माझ्याशी बोलंना. नको बोलू. तुमच्यात पोरगं मोठं का गदा, सांगा.