नवरा घोरतो का?

“ह्याला इथं नको रे, बाहेर ट्रकच्या काट्यावर घ्या,” मॅनेजर म्हणाला, आणि सगळं आवार हसलं.

पोती मोजायच्या काट्यावर माझे यजमान उभे होते. कमरेच्या वर उघडे. काढलेला शर्ट पोटापुढे धरून जेवढं झाकेल तेवढं झाकत होते. एक माणूस त्यांच्या मानेभोवती शिंप्याची टेप गुंडाळत होता. दुसऱ्याने वजन ओरडून सांगितलं, गुरांच्या बाजारात बैलाची किंमत सांगतात तसं. पुन्हा हसणं. आणि हेसुद्धा हसले. सगळ्यांबरोबर. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी आवारातल्या निंबाखाली बसले होते. माझ्यासारख्याच आणखी दोघी होत्या.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. जळगावच्या बाहेर टँकरची एक नवी कंपनी ड्रायव्हर भरत होती. पक्की नोकरी. आठवड्याला सुट्टी, ठरलेली ड्यूटी, आजारपणात पगार. आम्ही धुळ्याला राहायचो. माझे यजमान तेव्हा एका शेठच्या ट्रकवर होते. चोपड्याची, शिरपूरची केळी भरायची आणि दिल्लीला पोचवायची. केळी थांबत नाहीत, म्हणून ड्रायव्हरनेही थांबायचं नाही. घरी यायचे ते झोपायलाच. मुलांना बाप म्हणजे अंगणातल्या खाटेवरचं घोरणं, एवढंच माहीत.

कंपनीचा निरोप कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आला होता. येताना बायकोला घेऊन या. का, ते सांगितलं नव्हतं. हे मात्र मित्रांकडून ऐकून आले होते. एसटीत एरंडोल गेल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “ईचारतीन तं सांगजो, घोरत नही म्हनीसन. जास्ती बोलू नको.”

मी मान हलवली. मलाही ती नोकरी हवी होती. माझ्याइतकी कोणाला हवी असणार?

कारण मला जे माहीत होतं ते दुसऱ्या कोणालाच नव्हतं. हे दुपारी खाटेवर झोपायचे, मी शेजारी बसून मिरच्यांची देठं खुडायची. व्यापारी पोतं टाकून जायचा, मी दिवसभर खुडत राहायची. ह्यांचं घोरणं चार घरं ऐकायची. शेजारणी चेष्टा करायच्या, तुझ्या घरी ट्रक चालूच असतो म्हणायच्या. पण घोरण्याची मला भीती नव्हती. घोरणं मधेच बंद पडायचं, त्याची होती. छाती हलायची, पण आत काही जायचं नाही. तोंड काळंनिळं व्हायचं. मी मिरची सोडून त्यांना ढकलायची. बोटांना तिखट असायचं म्हणून मनगटाने ढकलायची. मग ते बुडता माणूस वर यावा तसे मोठ्याने दम घ्यायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे. त्यांना काही कळायचं नाही. मी परत देठं खुडायला लागायची, पण कान तिकडेच.

हे असं किती वर्षं चाललं होतं. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तूच खावाडी खावाडी त्याले फुगाडी टाकं.” म्हणजे तिथंही गुन्हेगार मीच. मग मी कोणाला सांगितलं नाही. एकदा सेंधव्याच्या घाटात ह्यांचा डोळा लागला होता, गाडी कठड्याला घासून थांबली. ते फक्त मला माहीत होतं. गाडीवर ढकलायला मी नसते, हेही मला माहीत होतं.

काट्यावरून उतरवल्यावर ह्यांना बाजूला उभं केलं. शर्ट घालू दिला नाही. मग एकेका बाईला बोलावणं सुरू झालं. तेव्हा कळलं. पुण्याहून आलेल्या एका तरुण डॉक्टरने कंपनीला सांगितलं होतं की जाड मानेची, वजनदार माणसं झोपेत नीट श्वास घेत नाहीत आणि मग दिवसा गाडीवर पेंगतात. घरच्या माणसाला विचारा. डॉक्टर आत खोलीत विचारणार होता. पण मॅनेजरने टेबल आवारात मांडलं आणि विचारायचं काम स्वतःकडे घेतलं. त्याला करमणूक हवी होती.

माझ्या आधीची बाई पदराआडून “नाही साहेब” एवढंच म्हणाली. तिच्या नवऱ्याची मान ह्यांच्याहून जाड होती. तो पास झाला. काय बोललं की पास होतात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मग माझी पाळी.

“हं, ये. नवरा घोरतो का तुझा?”

मी पदर आणखी पुढे ओढला.

“अगं बोल ना. रात्री झोपू देतो का तुला? का दुसऱ्याच कामाला उठवतो?”

पुन्हा आवार हसलं. रांगेतले ड्रायव्हर हसले. ह्यांच्याच बरोबरीचे, ह्यांच्याच ताटात जेवलेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्या वेळी हे हसत नव्हते. खाली बघत होते. शर्टाचा बोळा झाला होता हातात.

मला राग आला की रडू, सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला थकवा आला. एकदम सगळ्या वर्षांचा. ज्या श्वासाकडे मी जीव मुठीत धरून कान लावून बसले, त्याची ह्या माणसाने तमाशातली बतावणी केली होती. आणि मी “नाही साहेब” म्हणून त्या बतावणीत भर घालायची होती. नोकरीसाठी. म्हणजे पास होऊन ज्या दिवशी हे ज्वालाग्राही तेलाने भरलेला टँकर घाटात घेऊन जातील, त्या दिवसासाठी.

तेवढ्यात डॉक्टर दारात आला. बिचारा ओशाळला होता. त्याने विचारलं, “ताई, झोपेत त्यांचा श्वास मधेच थांबतो का?”

आजवर हे वाक्य मी मनातसुद्धा नीट जुळवलं नव्हतं. एका परक्या माणसाने ते जसंच्या तसं विचारलं.

“सांग पटकन,” मॅनेजर म्हणाला. “हो म्हटलंस तर ह्याला घरी ने आणि अंगाई म्हण.”

मी डोक्यावरचा पदर मागे सारला. आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषांसमोर.

“मी सांगते,” मी म्हटलं. “डॉक्टरांना सांगते. आत, खुर्चीवर बसून. तुम्हाला नाही सांगणार. आणि आधी ह्यांना शर्ट घालू द्या.”

कोणी हसलं नाही. मॅनेजर काहीतरी पुटपुटला, ते मी ऐकलं नाही. मी आत गेले आणि खुर्चीवर बसले. तेवढं चालणं मला शेताच्या बांधावरून पहिल्यांदा चालल्यासारखं वाटलं, पाय कुठे पडतोय ते बघत.

आत मी सगळं सांगितलं. घाटातलंही. डॉक्टर लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, “हा आजार आहे ताई. आळस नाही, जास्त खाणं एवढंच नाही. आजार.”

त्या शब्दाने मला रडू फुटलं. आजार म्हणजे कोणाचाच गुन्हा नाही. त्यांचाही नाही, माझाही नाही. त्याने सांगितलं, कुशीवर झोपवा, वजन उतरवा, दारूला हात लावू देऊ नका. मोठ्या शहरात झोपेत श्वास चालू ठेवायचं यंत्र असतं, पण ते परवडणारं नाही. आणि झोप पुरी झाल्याशिवाय गाडीवर बसू देऊ नका.

“मग कंपनी ह्यांना घेईल? बरं करून?”

त्याने पेनाचं टोपण उघडलं, लावलं. “ते माझ्या हातात नाही.”

मला तिथं कळलं. वजन केलं, मान मोजली, बायकोला बोलावलं, ते सगळं माणसाला बरं करायला नव्हतं. बाहेर काढायला होतं. लग्नात ह्यांचा सदरा खांद्यावरून घसरत होता, इतके हे बारीक होते. मग वर्षानुवर्षं त्यांना एका सीटवर बसवून ठेवलं. माल जेव्हा थांबेल तेव्हा जेवायचं, माल जेव्हा थांबेल तेव्हा झोपायचं. मालकांनी घडवलेलं शरीर होतं ते. आता दुसरा मालक ते काट्यावर ठेवून हसत होता.

परतीच्या एसटीत हे पारोळ्यापर्यंत तिकिटाच्या घड्या घालत बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तू मना पोटवर पाय दिधा.”

“घाटमा तुम्हले काही हुई जातं तं?” मी विचारलं.

त्यांनी रुमाल तोंडावर ओढून घेतला. धुळं येईपर्यंत काढला नाही. घरी आल्यावर कितीतरी दिवस ते माझ्या हातून ताट घेईनात.

आणि हे पुन्हा केळीच्या ट्रकवर गेले. तिथं मान कोणी मोजत नाही. तिथं कोणी काहीच विचारत नाही. मी खरं बोलले आणि त्यामुळे हे सुट्टीच्या नोकरीतून बिनझोपेच्या नोकरीत परत गेले. ह्या विचाराने मी आतून कुरतडली जात होते. खोटं बोलायला हवं होतं का, असं स्वतःला विचारायची. पण दर वेळी तो टँकर डोळ्यांपुढे यायचा.

मग एका दुपारी शेठ स्वतः स्कूटरवर आला. हे सकाळीच दिल्लीहून येऊन अंगणात पडले होते. रिकामा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी मिरच्या खुडत बसले होते.

“वहिनी, उठाडा त्याले. चोपड्याले घड कापीसन पडेल शेतस. माल पिकी जाई.” चोपड्याला केळीचे घड कापून पडले होते.

“झोपेल शेतस त्या,” मी खाटेवर झोपलेल्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

“म्हनीसनच सांगस ना, उठाडा.”

“नही.”

शेठला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो खाटेकडे निघाला. मी हातातल्या मिरच्या खाली टाकल्या आणि मधे उभी राहिले.

“माल पिकी जाई, वहिनी!”

“पिकू द्या.”

“दुसरा ड्रायव्हर देखस मग मी.”

“देखा.”

मी तिथून हलले नाही. मिरचीवर घर चालत नाही, हे मला शेठपेक्षा जास्त माहीत होतं. मागे खाट करकरली. मी वळून पाहिलं. ह्यांचे डोळे उघडे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता उठतील, चप्पल घालतील आणि शेठच्या मागे जातील. ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळले आणि त्यांनी डोळे मिटले.

स्कूटर गेली. मी पुन्हा मिरच्यांपाशी बसले.

तेव्हापासून माझं ठरलं ते ठरलं. शेठ येवो, कंपनी येवो, कोणी येवो. श्वास थांबला तर मी ह्यांना उठवीन. कोणाच्या मालासाठी उठवणार नाही.