भिंतीकडे तोंड फिरवलेला कॅमेरा

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता पुसट झाल्या आहेत. कसबा बावड्यातली ही एक मात्र जात नाही, आणि आठवली की दर वेळी तेवढाच संताप होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही.

दुपारी पोलीस ठाण्यात फोन आला. एका बंगल्यातली म्हातारी देवघराच्या उंबऱ्यावर पडली आहे, हालत नाही, असं शेजारी सांगत होते. घर जैन कुटुंबाचं. शेती, खताचं दुकान, सगळं बरं चाललेलं. घरातले सगळे शिरोळकडे साखरपुड्याला गेले होते. आक्का, म्हणजे घरमालकाची आई, उपवास असल्यामुळे मागे राहिल्या होत्या. तोंडावर उशी दाबून त्यांना मारलं होतं. कपाटातले दागिने गेले होते. दाराचं कुलूप मात्र शाबूत होतं.

कुलूप न तोडता आत शिरणाऱ्याला किल्लीचा पत्ता असतो, हे काल भरती झालेला शिपाईही सांगेल. आक्का जपाला बसल्या की मधे उठत नसत. म्हणून घरचे बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचे आणि किल्ली विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवायचे. सकाळचं काम करून गेलेली कामवाली बाई दुपारी परत यायची, ती किल्ली काढून आत जायची आणि आक्कांना पाणी उकळून द्यायची. उपवासाला त्या तेवढंच घेत. त्या दिवशी प्रेत पाहिलं ते या बाईनं. ओरडली तीही हीच. शेजारी धावले तेव्हा किल्ली तिच्या मुठीत होती.

झालं! पंचनामा व्हायच्या आधीच गल्लीनं निकाल लावला.

बाई विधवा, एका मुलीची आई. महिला हवालदारासमोर मी तिचा जबाब घ्यायला बसलो.

"पेटीतली किल्ली आणखी कुणाला ठाऊक होती?"

"मला आन् घरच्यास्नी. दुसऱ्या कुणाला न्हाय, सायेब."

स्वतःच्याच गळ्यात दोर अडकवणारं उत्तर तिनं न अडखळता दिलं. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी दूधवाला, पेपरवाला असा कोणीतरी तिसरा हमखास पुढं करतो. हिनं केला नाही. मला तिथंच शंका आली, पण साहेबाची शंका म्हणजे पुरावा नव्हे.

आक्कांचा मुलगा, त्याला सगळे आण्णा म्हणत, दहा माणसं घेऊन ठाण्यात आला. "अटक दाखवा, साहेब. घरातलं माणूस मानलं तिला. तिच्याबिगर कोण करणार हाय?"

"पुरावा आणा, दाखवतो," मी म्हणालो. "कॅमेरे आहेत ना घरात?"

"हायेत की. एक फाटकावर, एक सोप्यात. सोप्यातल्यात नुसती भिंत दिसतीया, फाटकावरच्यात आभाळ. बिघडल्यात दोन्ही."

दोन्ही एकाच दुपारी बिघडले? माझं डोकंच फिरलं. परत बंगल्यावर गेलो. सोप्यातला, म्हणजे बाहेरच्या खोलीतला कॅमेरा दाराकडे असायचा, तो भिंतीकडे तोंड करून होता. शिपायाला स्टुलावर चढवलं. कॅमेऱ्यावर धुळीचा थर होता आणि त्यावर बोट उमटलेलं नव्हतं. म्हणजे हातानं तो कोणी फिरवला नव्हता.

सायबरच्या हवालदार बाईंना बोलावलं. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं, "साहेब, हा कॅमेरा इंटरनेटवर असतो. ज्याच्या मोबाइल नंबरवर खातं, तो मालक. तो कुठूनही बघणार, कॅमेरा फिरवणार. बाकीच्यांना तो वाटून देईल तेवढंच. आणि इथं आण्णा मालक नाहीत. पाहुणे आहेत."

आण्णांचा चेहरा पडला. "बसवताना त्यो कॅमेरेवाला म्हणाला, नंबर द्या, ओटीपी येईल. मी म्हणालो, आमास्नी त्यातलं काय कळत न्हाय, तुझ्याच नंबरवर करून टाक की."

किल्ली कोणाकडे असते हे मी त्यांना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी बाईचं नाव घेतलं. कॅमेरे बसवणाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडात आलं नाही, कारण आपण त्याला काही दिलंय हेच त्यांना वाटत नव्हतं. फाटकावरचा कॅमेरा मीटरच्या पेटीवरच रोखलेला होता. किल्ली कुठं ठेवतात ते त्याला घरबसल्या दिसत होतं.

मग हवालदार बाईंनी आण्णांच्या मोबाइलवर सोप्यातलं चित्रण लावलं. दृश्य सावकाश सरकत भिंतीवर जाऊन थांबलं. आण्णांनी एवढंच पाहून मोबाइल बंद केला होता. हवालदार बाईंनी कोपऱ्यातलं आवाजाचं चिन्ह दाबलं. समोर भिंत तशीच राहिली आणि आक्का बोलल्या, "कोण हाय? तू व्हय रे? कॅमेरा बिघडला व्हय? बस, पाणी देते."

पुढचं मी इथं लिहीत नाही.

कॅमेरे बसवणारा तासाभरात ठाण्यात होता. नीटनेटका, गोड बोलणारा. दुपारभर आपण कळंब्याला काम करत होतो, असं ठासून सांगत राहिला. मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "आक्कांचा आवाज ऐकलाय आम्ही."

"आवाज तर मी बंद केलता..." तो बोलून गेला.

त्यानं खरंच बंद केला होता. पुण्यात शिकणाऱ्या नातीनं आज्जीशी बोलता यावं म्हणून तो नंतर घरच्या मोबाइलवरून परत चालू केला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. दाराला बाहेरून कुलूप पाहून त्याला वाटलं, म्हातारीही गाडीतून गेली. देवघरात कॅमेरा नव्हता. "देवापुढं यंत्र नको," असं आक्कांनीच त्याला सांगितलं होतं. त्या बाहेर आल्या, त्याला ओळखलं आणि जिवाला मुकल्या. जाताना त्यानं दाराला परत कुलूप लावलं आणि किल्ली पेटीत ठेवली.

आता कोणी मला घरभर कॅमेरे असल्याचं कौतुक सांगितलं, की मी विचारतो, खातं कोणाच्या नंबरवर आहे? बहुतेक जण हसतात. मला हसू येत नाही. घराची किल्ली ज्याला दिली त्याच्यावर आपण डोळा ठेवतो, आणि घर बघायचा डोळाच दुसऱ्याला देऊन विसरून जातो.

कबुलीनंतर पुराव्यासाठी ते चित्रण शेवटपर्यंत ऐकणं भाग होतं. आण्णा शेजारी बसले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कुलूप उघडल्याचा आवाज, चपला काढल्याचा आवाज, आणि बाईची हाक, "आक्का, पानी ठेवू का?" थोड्या वेळानं परत, "आक्का?" आणि नंतर तिनं फोडलेला हंबरडा. आण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाई बाहेर बाकावर बसून होती. तिला दिवस मावळायच्या आत घरी सोडायचं होतं. आण्णा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. माफी मागायला आले असावेत. तिनं मान वर केली नाही.

"आण्णा," ती म्हणाली, "आक्कांच्या उद्याच्या पारण्याला मी सकाळीच मूग भिजत घातल्यात. तेवढं वतून टाका."