लिफ्टमधून आलेली पहिली हाक

हे वाचून माझा नवरा हसणार आहे, तेव्हा त्याच्या आधी मीच हसून घेते. भूतबित, करणीबिरणी असलं काही आमच्या घरात कधी शिरलंच नाही. बाबांनी बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारख्या पाठ करून घेतल्या होत्या. आमच्या गावी, पोशीरला, लहानपणी कुणी चिंचेखालच्या बाईच्या गोष्टी सांगायला लागलं की मी मुद्दाम त्याच चिंचेखाली अभ्यासाला जाऊन बसायचे. त्यात माझा धंदा वायरींचा. वायर जोडलेली असते किंवा नसते... मधलं काही नसतं. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी नव्हतं.

मी कर्जतला राहते. सोसायट्यांमध्ये कॅमेरे, इंटरकॉम, फायर अलार्म बसवते आणि मुख्य म्हणजे त्यांची एकमेकांशी गाठ घालून देते. हल्ली सगळ्यांना हेच हवं असतं – गेटची बेल वाजली की घरात कॅमेरा दिसावा, आग लागली की लिफ्ट आपोआप खाली यावी.

हे काम कडावच्या पुढे होतं, भाताच्या शेतांना लागून असलेली सात मजली सोसायटी. बहुतेक फ्लॅट सुट्टीपुरते उघडणारे. कायम राहणाऱ्यांत सातव्या मजल्यावरच्या कुसुमकाकू. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या, आणि साखर अशी की मध्येच धाडकन खाली जायची. त्यांची पुण्याची मुलगी मला फोनवर म्हणाली, "ताई, आई लिफ्टमध्ये पडली तर कोणाला कळणार हो? बाकी काही करा न करा, तेवढं बघा." म्हणून लिफ्टमध्ये बटण आणि स्पीकर घेतला. दाबलं की गेटवरचा फोन वाजणार.

गेटवर दिवसपाळीला हिरामावशी. जवळच्याच ठाकूरवाडीतल्या, अंगाने काटक, जिभेने त्याहून. आणि इथेच माझं घोडं अडलं. फ्लॅटमधून इंटरकॉमवर फोन वाजला की मावशी नुसत्या बघत बसायच्या. वाजून बंद होऊ द्यायच्या. परत वाजला तरच उचलायच्या.

"अहो मावशी, हाताला काय मेंदी लावलीय का?"

"पैल्या हाकंला ओ द्यायची नाय, ताई. समोर मानूस दिसतंय तर ठीक हाय. न दिसता हाक आली तर दुसरीची वाट बघायची. मानूस आसंल तर परत मारतंय."

"आणि नसेल तर?"

"नसंल तर नाय मारत," मावशी म्हणाल्या. जसं काही मीच मठ्ठ!

समजावलं, चिडले, कुसुमकाकूंचं उदाहरण दिलं. मावशी मान डोलवायच्या आणि पुन्हा तेच. शेवटी म्हटलं, बाई ऐकत नाही ना, मग मशीनला ऐकवते. प्रोग्रॅम बदलला. लिफ्टमधला कॉल कुणी उचलला नाही, तर गेटवर सायरन वाजणार आणि लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबणार. उचलला, तर मात्र मशीन गप्प – काय करायचं ते गेटवरच्या माणसाने बोलून ठरवायचं.

लिफ्ट खाली बोलावण्याचा भाग मी तपासून घेतला, चोख चालत होता. बटण आणि स्पीकरही लिफ्टमध्ये बसवून झाले होते, राहिली होती फक्त त्यांची वायर. लिफ्ट कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो करत होता, आणि त्याच्याशिवाय ती वायर जोडायची परवानगी नव्हती. तिची टोकं गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लोंबत होती. टेप मी स्वतः गुंडाळली होती.

त्या दुपारी मी गेटच्या केबिनमध्ये मावशींच्या हातचा कोरा चहा घेत होते. फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं – लिफ्ट.

भीती वगैरे काही नाही, मला आधी रागच आला. म्हटलं, कुठल्या शहाण्याने मला न विचारता वायर जोडली? मी रिसीव्हरकडे हात नेला, तर मावशींनी मनगट धरलं.

"थांबा ताई. पैली हाय."

"अहो सोडा!"

सोडलं नाही. भाताच्या पेंढ्या बांधणारा हात तो, माझ्याने काय सुटतोय? फोन वाजून बंद झाला. सायरन सुरू झाला. आम्ही दोघी लिफ्टपाशी धावलो. आकडे सातवरून उतरत आले, दार उघडलं... आणि आत कुसुमकाकू. कोपऱ्यात बसल्यासारख्या कलंडलेल्या, घामाने चिंब, बेशुद्ध.

माझ्या सामानाच्या टेंपोत घातलं आणि थेट कर्जतला दवाखान्यात नेलं. रस्ताभर मावशी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी वेड्यासारखी हॉर्न वाजवत होते. साखर पार तळाला गेली होती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडले.

संध्याकाळी गच्चीवर गेले. वायरीची टोकं तशीच लोंबत होती. टेप तशीच. सिस्टिममध्ये मात्र नोंद होती – लिफ्टमधून कॉल, उचलला नाही. मी उचलला असता, तर लिफ्ट वरच राहिली असती. सिस्टिमचं सर्किट कार्ड बदलून पाहिलं, दुसरी एखादी वायर चिकटलीय का पाहिलं. नवरा म्हणाला, "कुठेतरी करंटचं लीकेज असेल गं." मीही तेच धरून चालले होते. असेलही.

दोन दिवसांनी काकू नीट बोलायला लागल्या. म्हणाल्या, "लिफ्टमध्ये शिरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तुझं ते बटण दाबलं. कोणी आहे का, म्हटलं. ती बाई लगेच बोलली म्हणून धीर आला बघ."

"कोण बाई?"

"अगं, तीच की फोनवरची. 'ओ' म्हणाली. 'आले गं, तू खाली बस.' म्हणून तर मी बसले. नाहीतर उभीच्या उभी आपटले असते. तू नव्हतीस?"

मी नव्हते. मावशीही नव्हत्या, त्यांचा आवाज काकू रोज ऐकतात, त्या ओळखणार नाहीत? आणि फोन तर आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर वाजून बंद झाला होता. नवऱ्याला म्हटलं, लीकेज बोलतं का रे? त्या दिवशी पहिल्यांदाच तो हसला नाही.

मावशींना सांगितलं. त्यांनी केबिनमधल्या फोनकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पैल्या हाकंला... कुनी दिली ओ, ताई?"

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाला एकदाचा उगवला. वायर जोडली. टेस्टिंगसाठी मी एकटीच आत उभी राहिले, बटण दाबलं आणि स्पीकरला कान लावला. नुसती रिंग. कुणी 'ओ' म्हटलं नाही. मावशींनी अर्थातच उचलला नाही. लिफ्ट शिस्तीत खाली आली, दार उघडलं.

आता सगळं जिथल्या तिथे चालतं. काकूही ठणठणीत आहेत. पण खरं सांगू? ती वायर जोडली याचं मला अजून वाईट वाटतं.