तिसरा एक्सल

ती घटना मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, विसरलोही नाही. मुदतीआधी नोकरी सोडली, त्याचं खरं कारणही तीच.

डिचोलीकडच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. खनिजाच्या ट्रकांनी रस्ते लाल. नार्व्याच्या उतारावर सकाळी एका ट्रकने सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला चिरडलं. पावाची टोपली चाकाखाली. माणूस जागीच गेला.

चालक बेळगावकडचा. महिन्यापूर्वीच हा जुना ट्रक एका दलालाकडून घेतलेला. मी त्याला कोठडीतून काढून समोर बसवला.

"ब्रेक का नाही मारलास?"

"मारला हो साहेब! उभा राहून दाबला. थांबलीच नाही."

"सगळे हेच सांगतात," म्हणत मी एक थोबाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी कारापूरचा एक वेल्डर आपणहून आला. "सायबा, त्या गाडयेक मागचो एक्सल मीच जोडलो. दलालान भंगारातलो हाडलो. ब्रेकाची नळी जोडूंक ना. तो म्हणालो, चाकां फिरलीं म्हणजे जालें."

पंच घेऊन गाडीखाली शिरलो. तीन एक्सलांवर दहा चाकं होती, पण ब्रेकची नळी मधल्या एक्सलपर्यंतच. गाडी रिकामी असताना हे कळत नाही. भरलेली उतारावर आली की कळतं. आरसी बुकात तर एक्सल दोन, चाकं सहा. दलालाला संध्याकाळपर्यंत आत घेतला.

इथवर सगळं कागदावर आहे. पुढचं नाही.

ट्रक घेण्याआधी चालकाने तो ठाण्याच्या आवारात आणला होता. "साहेब, जरा बघा, फसवतील मला." गाडी चोरीची नाही ना, एवढंच आम्ही बघायचो. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, नंबर जुळला. म्हटलं, "घे बिनधास्त." बुकातली पुढची ओळ वाचली नाही. चाकं मोजली नाहीत. डायरीत नोंदही केली नाही.

कोर्टात प्रश्न एकच उरला : जोडलेला एक्सल त्याला ठाऊक होता का? तो म्हणाला, "पोलिसांना दाखवूनच घेतली." मला विचारलं. मी शपथेवर सांगितलं, "माझ्याकडे गाडी आणलीच नव्हती."

सहा महिन्यांची कैद झाली त्याला.

सुटल्यावर कागद न्यायला ठाण्यात आला. हवालदाराने चहा दिला, तो घेतला नाही. मी खुर्चीतून उठलो. तोच म्हणाला, "माझं झालं ते झालं, साहेब. दुसरा कोणी गाडी दाखवायला आला तर त्याला खाली वाकून बघायला सांगाल ना?"

तर सांगतो. जुना ट्रक घेताना एक्सल मोजा, बुकाशी ताडून बघा. खाली शिरा, ब्रेकची नळी प्रत्येक एक्सलपर्यंत पोचते का ते हाताने चाचपा. खाकी कपड्यातला माणूस "घे" म्हणाला, म्हणून घेऊ नका. तो माणूस मी होतो.